कापसहेड्याच्या पुढे उडालेला बर्फ

आधीच सांगते, मी भुताखेतांवाली बाई नाही. माहेरी आमच्याकडे लिंबू फक्त सरबतात आणि पोह्यांवर पिळलं जायचं. माझ्या वडिलांनी नवी स्कूटर मुद्दाम अमावास्येला घरी आणली होती, का तर त्या दिवशी शोरूममध्ये गर्दी नसते! या सदरातले अनुभव मी वाचते, हसते आणि पान उलटते. पण मागे कुणीतरी लिहिलं होतं की ‘बायका घाबरल्या की त्यांना काहीही दिसतं’... ते वाचून डोकं फिरलं. म्हटलं, आता लिहायलाच हवं.

नव्वदच्या दशकाचा शेवट. आम्ही दिल्लीतल्या द्वारकेला नुकतेच राहायला गेलो होतो. द्वारका म्हणजे तेव्हा अर्धवट बांधलेल्या सोसायट्या, पाण्याचे टँकर आणि हे एवढे रुंद रस्ते, ज्यांवर बस म्हणून यायची नाही. नवरा, सुधीर, मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात होता. त्याला कंपनीची बस न्यायची. मला गुडगावच्या एका शाळेत नोकरी लागली होती आणि सुट्टी संपली की रुजू व्हायचं होतं. बस नाही म्हणून सेकंडहँड मारुती घेतली, मारुती घेतली म्हणून लायसन्स काढलं. थोडक्यात, गाडी हातातून गेली की नोकरीही गेली. सोसायटीतले झाडून सगळे पुरुष सांगून गेले होते, “भाभीजी, लेडीज़ का हाथ हाईवे पे नहीं जमता.” मी ‘अच्छा?’ म्हणायची आणि गिअर टाकायची.

जूनमध्ये सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्यांना मुलाची फॅक्टरी बघायची होती. भर दुपारी निघालो. त्यांच्या मांडीवर बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. लू, म्हणजे तिकडचा उन्हाळी गरम वारा, अशी वाहत होती की स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसायचा, डांबर टायरला चिकटत होतं.

दिल्ली-हरियाणाची कापसहेडा बॉर्डर ओलांडली आणि आमच्यापुढे एक फिकट निळी व्हॅन आली. टपावर वीतभर जाडीचं पांढरं काहीतरी, अगदी कडेपर्यंत. मला वाटलं, गादी. त्या रस्त्यावर तेव्हा सगळा संसार टपावरूनच जायचा. गाद्या, कूलर, प्लायवूड, नव्या फ्लॅटचे दरवाजे... आणि बांधायची पद्धत काय, तर खिडकीतून एक हात बाहेर काढून वरचं सामान धरून ठेवायचं! मी म्हटलंसुद्धा, “बघा आई, दोरीचा पत्ता नाही. उडालं तर मागच्याचा जीव जाईल, यांचं काय जातंय?”

तेवढ्यात व्हॅन खड्ड्यातून गेली. ते पांढरं अख्खं उचललं गेलं आणि आमच्यावर आलं. काच फुटून तिचे खडे झाले. मी कचकन ब्रेक दाबला. गाडी सरळ उभी राहिली, हे मी आजही छाती ठोकून सांगते. पण डावीकडून चाललेला एक स्कूटरवाला आडवा झाला होता.

आणि गाडीत बर्फ होता.

हो, बर्फ! आईंच्या मांडीवर, डॅशबोर्डवर, माझ्या ओढणीत. कारखान्यातली लादी नव्हे, ती काचेसारखी आरपार असते. हा भुसभुशीत, थरांवर थर बसलेला, आणि त्यात देवदाराच्या बारीक तपकिरी काड्या. थेंबही गळत नव्हता. मान वर केली तर समोर लांबवर सरळ रस्ता... आणि व्हॅन नाही. कुठे वळायला गल्लीसुद्धा नव्हती.

मी स्कूटरवाल्याकडे धावले. मल्होत्रा म्हणून पन्नाशीचे गृहस्थ होते. मनगट सुजलं होतं आणि तोंड चालू होतं. “औरत के हाथ में गाड़ी दोगे तो यही होगा!” गर्दी जमली. पंक्चरवाला, जलजिऱ्याचा ठेलेवाला, सगळ्यांनी मल्होत्राजींना पडताना पाहिलेलं. व्हॅन एकानेही नाही.

इकडे आई काय करत असाव्यात? त्यांनी लाडू पदरात ओतले होते आणि डब्यात ओंजळीने बर्फ भरत होत्या! “अगं, यात्रेचे दिवस आहेत. केदारनाथाहून आलेली गाडी असणार. माझं तिकडे जाणं काही झालं नाही, तर बघ, तोच आला.” मी कपाळावर हात मारला.

मल्होत्राजींना दवाखान्यात नेलं, हात गळ्यात अडकवला आणि तिथून आम्ही सगळे पोलीस ठाण्यात गेलो. मी एसटीडी बूथवरून सुधीरच्या ऑफिसात फोन केला होता. तो आमच्या आधीच पोचला होता. मी आत गेले तर दरोगा, म्हणजे तिथला फौजदार, माझ्याकडे बघून गोड हसला. “मैडम, टेंशन मत लो. लिख दिया है, साहब चला रहे थे, सामने कुत्ता आ गया. दोनों पार्टी का समझौता, बात ख़त्म.”

मी सुधीरकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, “तुला कोर्टकचेऱ्या नकोत म्हणून गं. इकडे असंच करतात सगळे. घरातल्या बाईकडून गाडी लागली की नवरा सांगतो, मी होतो. आणि थोडे दिवस गाडी राहू दे आता. बघू नंतर.”

त्या ‘बघू नंतर’चा अर्थ मला लख्ख कळला. एकदा का मी चालवतच नव्हते असं ठरलं, की पुढे कधीच चालवायची नाही असं ठरायला कितीसा वेळ? संतापाने माझे कान तापले. म्हटलं, “काटिए इसे. गाड़ी मैं चला रही थी. कुत्ता-बित्ता कोई नहीं था. आगे वाली गाड़ी की छत से बर्फ़ उड़ी. छत पे जो है उसे बाँधना, झाड़ना उस ड्राइवर की ज़िम्मेदारी है. लिखिए, अज्ञात वाहन.”

“जून में बर्फ़ की ज़िम्मेदारी किस पे डालूँ मैडम? हिमालय पे?” अख्खं ठाणं हसलं. मल्होत्राजी तर हात दुखत असतानाही हसले.

मी पुरावा दाखवायला वळले, तर बाकावर आई डबा उघडून बसलेल्या. एवढ्या उन्हातून येऊनही त्यातला निम्मा बर्फ तसाच होता. त्यांनी खालचं पाणी तळहातावर घेतलं, ‘ॐ नमः शिवाय’ म्हणून प्यायल्या आणि हात डोक्यावरून फिरवला.

“अहो आई, पुरावा पिताय तुम्ही!”

त्या कसल्या ऐकतात? शेजारी मल्होत्राजी होते. आपल्या माणसाला तीर्थ द्यावं तसं त्यांच्यापुढे धरलं. “लो भाऊ, केदारनाथ का है.” उजवा हात गळ्यात आणि डाव्या हाताने तीर्थ घ्यायचं कसं? मल्होत्राजींनी डोळे मिटून लहान मुलासारखा आ केला, आईंनी ओतलं. हवालदाराने टोपी काढून घेतलं. शेवटी दरोग्याचाही हात टेबलावरून पुढे आला. मी आधी चरफडत होते... आणि मग माझी ट्यूब पेटली.

“मल्होत्राजी, क्या पिया आपने?”

“तीर्थ... केदारनाथ जी का.”

“आया कहाँ से?”

ते डाव्या हाताने ओठ पुसू लागले.

“सादा पानी था तो आँखें मूँदके क्यों पिया? और केदारनाथ की बर्फ़ थी, तो मेरे शीशे पे यही गिरी है. दोन्ही कसं चालेल?” शेवटचं रागाच्या भरात मराठीत गेलं, पण पोचलं. मी पुढे म्हटलं, “आपकी कमीज़ एक ही कंधे पे भीगी हुई है. पसीना क्या एक ही कंधे को आता है?”

मल्होत्राजींनी खांद्याला हात लावला. तोंडातलं तीर्थ आणि खोटं एकत्र ठेवायची त्यांची हिंमत झाली नसावी. “बहनजी की गाड़ी मुझे छुई नहीं,” ते हळूच म्हणाले. “कुछ लगा था ऊपर से. बहुत ठंडा.”

दरोग्याने आपल्या ओल्या तळहाताकडे पाहिलं, उसासा टाकला आणि लिहिलं, अज्ञात वाहन से गिरी बर्फ़. मग पेन थांबलं. “पर मैडम, चालक तो साहब ही रहने दो. बर्फ़ तो लिख दी, अब लेडीज़ ड्राइवर भी लिखूँ? ऊपर वाले पूछेंगे तो क्या जवाब दूँगा?”

मी तोंड उघडायच्या आत आई उठल्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तळवे लालभडक, गारठ्याने भाजल्यासारखे. “सुधीर, तू होतास का रे गाडीत? मग हे माझ्याच हाताला का? सूनबाईने गाडी उभी केली म्हणून मी इथे उभी आहे. सांग त्यांना.”

सुधीरची मान खाली गेली. “काट दीजिए, सर,” तो म्हणाला. “मेरी पत्नी चला रही थी.”

व्हॅन कधीच सापडली नाही. लोक म्हणतात गारा असतील, आइस फॅक्टरीचा ट्रक असेल, थर्माकोल असेल. थर्माकोल कोणी पितं का? केदारनाथाहून निघालेला बर्फ जूनच्या उन्हात दिल्ली ओलांडून न गळता कसा येईल, हे मलाही सांगता येत नाही. भूत असेल तर असो, पण भुतानेही टपावरचं सामान बांधूनच गाडी चालवावी, एवढं माझं म्हणणं आहे. जुलैत मी त्याच रस्त्याने, नवीन काच लावून, शाळेत रुजू झाले.

त्या बर्फाचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा. आणि हेही कळवा, की त्या ठाण्यात जूनमधला बर्फ आधी खरा ठरला आणि बाई ड्रायव्हर त्याच्यानंतर, ते कसं काय?