हद्दीपलीकडची टेकडी

"अरे देवा, हे काय!" बडोद्यातल्या अकोट्याच्या ऑफिसात मी एवढ्यांदा ओरडले की शेजारच्या टेबलावरचा चहा सांडला.

स्क्रीनवर सॅटेलाइटचा फोटो होता. बडोद्याच्या पूर्वेला डोंगरात एक गाव आहे. गावाने आपलं जंगल आपणच राखायचं, तोड थांबवायची, असा आमचा प्रोग्राम. झाडं वाढली की घटली, हे फोटोवरून सांगणं माझं काम. त्यासाठी फोटो गावाच्या हद्दीवर कापायचा, म्हणजे 'क्लिप' करायचा. बाहेरच्याशी आपल्याला काय करायचंय! क्लिप केलेलं गाव हिरवंगार दिसायचं. दुसऱ्या दिवशी त्याचा सत्कार होता. पुढे सगळ्या पट्ट्यात हेच मॉडेल न्यायचं ठरलं होतं.

बॅनरसाठी मोठा फोटो हवा म्हणून मी क्लिप काढून टाकली, आणि हद्दीला लागूनच एक अख्खी टेकडी बोडकी! प्रोग्राम सुरू झाला तेव्हा तिथे दाट झाडी होती.

"ती आपल्या प्रोजेक्टमध्ये येत नाही," साहेब म्हणाले. "सत्कार होऊ दे, मग बघू."

"झाडं काय प्रोजेक्ट विचारून उगवतात, साहेब?" डोकंच फिरलं माझं. जीप घेतली आणि तडक निघाले.

गावच्या जंगल कमिटीच्या प्रमुख रमीलाबेन. बाई सरळ. टेकडी कुणी तोडली, विचारलं.

"आमच्याच माणसांनी, बेन," त्या सहज म्हणाल्या. "आपल्या जंगलाला हात लावू नका, तुम्हीच सांगितलंत. नाही लावला. पण चूल तर पेटायला हवी ना?"

आमचा नियम त्यांनी तंतोतंत पाळला होता.

आम्ही दोघी टेकडीवर गेलो. तोड झाल्यापासून रमीलाबेनही तिथे पहिल्यांदाच येत होत्या. जिकडे तिकडे नुसते खुंट. पलीकडच्या गावात त्यांची लेक कैलास दिलेली. डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन नेमकी तीच लांबच्या डोंगरांकडून आली.

"एवढ्या लांबून आणतेस?" रमीलाबेननी विचारलं.

"जवळचं तुमच्या गावाने नेलं, आई. तिसऱ्या डोंगरावर जाते मी."

"मग बोलली का नाहीस?"

"जो तो तुझं कौतुक करतोय. कोणत्या तोंडाने बोलू?"

रमीलाबेननी लेकीचा भारा आपल्या डोक्यावर घेतला. सत्कार त्यांनीच नाकारला. "अरे, बॅनर छापून आलाय!" साहेब फोनवर ओरडत होते.

आता दोन्ही गावांचा प्लॅन एकच आहे. चुलीचं लाकूड कुठून आणि किती घ्यायचं, तेही त्यात ठरलंय. मी फोटो हद्दीवर कापणं सोडलं. शेजाऱ्याची चूल नकाशात नसेल तर आपलं हिरवं खोटं, एवढं मला कळलं.

टेकडीवरच्या खुंटांना फुटवे आलेत, गुडघाभर. कैलास अजून तिसऱ्या डोंगरावरच जाते.