अकलूजचा पाहुणा

कडुलिंबाच्या पाल्याचा कडवट धूर नाकात गेला की मला लम्पीची साथ आठवते. तेव्हा मी जेमतेम साठीची, म्हणजे अक्कल यायची होती. मोहोळजवळच्या आमच्या गोठ्यात गाईच्या अंगभर गाठी उठल्या, पाय सुजले, तोंडातून लाळ गळायला लागली. शेजारी राहणाऱ्या धाकट्या जावेची गाय आधी आजारी पडलेली, म्हणून रोग तिनंच दिला असं मी गावभर सांगितलं, इतकं की तिचं दूध कुणी घेईना. नमुने न्यायला आलेले जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "विषाणूची जनुकं वाचली की तो कुठून आला त्याचा माग लागतो." मी पदर खोचला. "मग तिच्या गाईचा बी नमुना घ्या की! चोर सापडू द्या." निकाल ऐकायला मीच अख्खी गल्ली गोळा केली. डॉक्टर म्हणाले, जावेच्या गाईचा विषाणू वेगळा आहे. तुमच्या गाईचा अकलूजकडच्या नमुन्यांशी जुळतो. जनावरं आणायला बंदी असताना लेकीकडून अकलूजची कालवड टेम्पोत ताडपत्रीखाली दडवून मीच आणलेली! दुसऱ्या दिवसापासून जाऊ रोज पाल्याची पाटी घेऊन दारात यायची आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "आक्का, तुमच्या अकलूजच्या पाव्हण्याला धूर द्या की!" गाय वाचली, माझं नाक गेलं. मी अजून विसरलेली नाही. तिची गाय नुसती शिंकली तरी पुरे. पाटीभर पाला मी तोडूनच ठेवलाय.