सात चांगले दात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, सख्ख्या बहिणीला तर मुळीच नाही — तिच्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला सांगते. हसू आलं तर खुशाल हसा. मलाही येतं, आणि मग लाज वाटते.

आधी भाकरीचं सांगायला हवं. माझं माहेर रत्नागिरीकडचं, भात खाणारं. सासर जालन्याचं, ज्वारीचं. लग्नानंतर भाईंदरला आम्ही दोघंच राहत होतो, त्यामुळे माझी भाकरी कशी होते हे विचारणारं कुणी नव्हतं. नवरा ती आमटीत कुस्करायचा, बराच वेळ तशीच भिजत ठेवायचा आणि मग मुकाट्याने जेवायचा. मला वाटायचं, ह्यांच्याकडे अशीच पद्धत असेल.

नव्वद सालाच्या आसपास सासूबाई आमच्याकडे कायमच्या आल्या. मी त्यांना आत्या म्हणायचे. पासष्टीच्या, काटक, जिभेने तिखट. उत्तनचे सुके बोंबील भाजले की लहान मुलीसारख्या खूश व्हायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या भाकरीचा घास तोंडात घातला, खूप वेळ चघळला आणि काढून ताटाच्या कडेला ठेवला. आता आपली काही खैर नाही, मी मनात म्हटलं. पण त्या गालाला हात लावून म्हणाल्या, "माझे दातच गेले गं बाई."

मी काय म्हणायला हवं होतं? दात नाही आत्या, भाकरी — एवढंच तर होतं. पण दोन वर्षं मी सुगरण म्हणून मिरवत होते ना. गप्प बसले. गप्प बसणं किती सोपं असतं, नुसतं ताट उचलून आत जायचं.

पुढचं सांगायला जरा जड जातंय. आत्या हळूहळू चहा-बिस्किटं आणि दूधभातावर आल्या. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. शेवटी नवऱ्याने मला त्यांच्याबरोबर मीरा रोडच्या दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तोंडात अकरा दात उरले होते. चार हलत होते, ते काढणं भागच होतं. उरलेले सात चांगले दिसत होते, म्हणून डॉक्टर अडखळले. त्यांनी मला विचारलं, "घर में रोटी नरम ही बनती है ना?"

आणि मी — थांबा, जसं घडलं तसंच सांगते. आत्या खुर्चीत आ वासून बसल्या होत्या. बघत माझ्याकडेच होत्या. मी म्हणाले, "एकदम नरम."

नरमही चावत नसेल तर ठेवून उपयोग काय? अकराच्या अकरा काढायचे ठरलं. आत्यांनी मान डोलावली.

हिरड्या भरून कवळी बसेपर्यंत तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत मी दुपारी तळमजल्यावरच्या शांताबाईंकडे चोरून भाकरी शिकले. त्या लातूरच्या. माझं महिन्याभराचं दळण बघून त्यांनी कपाळावर हात मारला. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेल्या शिळ्या पिठाची भाकरी म्हणजे पत्राच, म्हणाल्या. ताजं पीठ, उकळतं पाणी, हाताला रग लागेपर्यंत मळणं. बस, एवढ्यासाठी सात दात गेले होते.

कवळी आली त्या दिवशी आत्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, बोंबलासकट. मग काय विचारता? अख्ख्या बिल्डिंगला कवळी दाखवून झाली. अंग भरलं, आवाज चढला, माझ्या भाजीत रोज मीठ कमी निघायला लागलं. घर पुन्हा हसतं झालं. मीही हसत होते — सगळ्यांत मोठ्याने. गावी त्यांच्या बहिणीची, पारूमावशीची, हीच तक्रार होती, भाकरी चावत नाही. तिला माझ्याच हातून पत्र गेलं, दात काढून टाक, लई सुख आहे. मावशी तयारही झाली.

आणि एका दुपारी टीव्हीच्या नादात आत्यांचं जेवण उरकलं. ताट चकाचक. हात धुवायला उठल्या तर त्यांचं लक्ष खिडकीतल्या वाटीकडे गेलं. कवळी पाण्यातच होती. माझी भाकरी त्यांनी नुसत्या हिरड्यांनी संपवली होती.

त्यांनी वाटीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावल्या नाहीत. पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "पारूला पत्र लिही. म्हणावं, दात काढू नको. आधी सुनेची भाकरी बघ."

मी पोस्टकार्ड आणलं आणि त्यांच्यासमोर बसून लिहिलं. वाचून दाखव, म्हणाल्या. मी वाचलं, दोन्ही वाक्यं, खणखणीत आवाजात.

कार्डावर फक्त पहिलं वाक्य लिहिलेलं होतं. आत्यांना वाचता येत नव्हतं.