हंड्याला बसतं तसं

१२ मे. काम – गाडीतलं कूलंट कुठं जातंय ते शोधणं आणि बंद करणं.

काम झालं. दुपारच्या जेवणाआधी झालं. नखांतलं काळं अजून निघालेलं नाही. पण या कामाच्या मागं एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही – नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगते. आधी कामाचं सांगते, ते मला सोपं जातं.

मी युसूफ वडगाव या गावात बायकांना गाडी शिकवते. अंगणवाडीताई, आशाताई, दुकानदारांच्या सुना, केजला कॉलेजला जाणाऱ्या पोरी – कितीतरी जणी माझ्या हाताखालून गेल्या. गाडी जुनी, टर्बोची – म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं गोल भांडं असलेली. माझ्या बाजूलाही एक ब्रेक बसवून घेतलाय.

आठवडाभर टाकीतलं कूलंट – इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी – खुणेच्या खाली जात होतं. गाडीखाली थेंब नाही, आत पायाशी ओल नाही, धूर पांढरा नाही. मग गेलं कुठं? नवखा माणूस इथंच फसतो – जमिनीवर थेंब शोधत बसतो. टर्बो इतका तापतो, की त्याच्याजवळ गळलेलं खाली पोचतच नाही, तिथल्या तिथं वाळतं. म्हणून पाणी शोधायचं नाही. पाण्यानं मागं सोडलेला डाग शोधायचा.

इंजिन गार होतं. (गरम असताना टाकीच्या झाकणाला हात लावायचा नाही, हे मी प्रत्येकीकडून पहिल्या दिवशी वदवून घेते.) रफिकभाईंच्या गॅरेजातून दाब भरायचा हातपंप आणला, टाकीला लावला. काटा हळूहळू उतरायला लागला – म्हणजे गळती आहेच. टर्बोवरचा पत्रा काढला. टर्बो थंड ठेवणारी जी बारीक नळी मागं वळते, तिच्या क्लिपेपाशी हिरवट, वाळलेली रेघ. रबर कडक होऊन चिरलेलं. नळी बदलली, क्लिप बदलली, कूलंट भरलं, आतली हवा काढली. केजच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आणली, गार होऊ दिली, पुन्हा पाहिलं. बरोबर खुणेवर.

कुणाला बोलावलं नाही. अभिमान वाटतो का? वाटतो. का वाटू नये?

टॉर्च माझ्या धाकट्या जावेनं धरला होता. शोभानं. ती कमी बोलते. रेघ दिसली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तवाबी हितंच होतं न्हाई का, बाई?"

मी म्हणाले, "टॉर्च सरळ धर."

तवा म्हणजे – गाडी घरात आली तेव्हा. धाकट्या दिरानं ती जुनीच घेतली होती. तेव्हाही असंच पाणी कमी व्हायचं आणि थेंब दिसायचा नाही. पाणीच म्हणते मी, कारण टाकीत कूलंट नव्हतंच. आमच्याकडं सगळे बोरचं पाणी ओतायचे. फुकटचं पाणी दारात असताना रंगीत पाणी विकत कोण आणणार? रफिकभाईंनी रेडिएटर बदलला, पंप बदलला, तरी पाणी जायचंच. शेवटी ठरलं, इंजिनच उघडायचं. आमच्या अंगणात गाडीभोवती सगळे पुरुष गोळा झाले होते आणि प्रत्येकाकडं एक सल्ला होता.

आता एक रीत सांगायला हवी. आमच्या घरात तेव्हा धाकटी सून मामांसमोर – म्हणजे सासऱ्यांसमोर – बोलत नसे. काही सांगायचं असेल तर तिनं थोरल्या जावेला सांगायचं, थोरलीनं पुढं. डॉक्टरकडं जायचंय, माहेरी जायचंय, पीठ संपलंय – शोभाचं सगळं माझ्या तोंडून जायचं. "धाकटी म्हणते" असं सुरू करून मी सांगायची. रोज सांगायची. जिभेला सवय होती.

त्या दिवशी शोभा पुरुषांना पाणी द्यायला गेली आणि परत येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, त्या गोल भांड्यामागं पांढरं दिसतंय. हंड्याला बसतं तसं. रोज तिथंच गळून वाळत असंल. मामांना सांगा."

बोरच्या पाण्याचा तो पांढरा थर आमच्याकडच्या प्रत्येक बाईनं चिंचेनं घासलेला आहे. मीही घासलेला आहे. पण गाडीत तो तिला दिसला. मला नाही – मी तर गाडीपाशी गेलेच नव्हते.

मी बाहेर गेले. आणि – कसं सांगू? फक्त सुरुवात बदलली. "धाकटी म्हणते" ऐवजी "मला वाटतं" म्हणाले. "मामा, मला वाटतं, त्या गोल भांड्यामागं बघा."

रफिकभाईंनी हात घातला. बोटावर पांढरा खपला निघाला. ते माझ्याकडं बघतच राहिले. "भाभी, हमारी नजर नहीं गई वहाँ. तुमारी कैसे गई?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. पहिल्यांदा तोंडातून निसटलं म्हणावं, तर खरं सांगायची वेळ आता दुसऱ्यांदा आली होती. मी काय म्हणाले माहीत आहे? "हंड्याला बसतं तसं बसलंय ना." तिचं वाक्यसुद्धा घेतलं.

मामा म्हणाले, "गाडी हिलाच शिकवा रे. हिला डोकं हाय."

शोभा दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. पुरुषांना कप दिले, एक मलाही दिला.

गाडी मी शिकले, आणि चांगली शिकले. रफिकभाईंच्या मागं लागून इंजिनही शिकले. ते माझं आहे, माझ्या कष्टाचं आहे, त्यात खोट नाही. पण दार ज्या किल्लीनं उघडलं ती किल्ली माझी नव्हती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ ठीक. शोभानं एकदा विचारलं – "बाई, मला बी शिकवा की." मी म्हणाले, दिवाळीनंतर. मग म्हणाले, तुझ्या पोरीची दहावी होऊ दे. मग तिनं विचारणं सोडलं. तालुक्यातल्या बायकांना मी स्टिअरिंगवर बसवलं आणि घरातली एक सोडली. का? ती माझ्याशेजारी बोनेटखाली वाकली असती, तर माझ्यापेक्षा आधी तिला दिसलं असतं, ही भीती. दुसरं काही नाही. अजूनही ती गेवराईला माहेरी जायची तर पिशवी घेऊन फाट्यावर जीपची वाट बघते, उन्हात. गाडी दारात असते.

आणि मी नव्या बायकांना पहिल्या दिवशी बोनेट उघडून हंड्याची गोष्ट सांगते. बायका हसतात, त्यांना धीर येतो. शोभा स्वयंपाकघरात असते. तिला शब्द न् शब्द पाठ असणार.

तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तरी कुणाकरवी सांगणार होती? माझ्याच.

१३ मे.

सकाळी तीन नव्या बायका आल्या. मामा बाजेवर चहा पीत होते. मी बोनेट उघडलं, शोभाला हाक मारली आणि बायकांना सांगितलं, की टर्बोमागचं पांढरं हिनं पाहिलं होतं, मी नाही. हंड्याचं वाक्यही हिचं. हिनं निरोप दिला होता, तो मी स्वतःच्या नावावर सांगितला. कालची गळती मात्र मी काढली, हेही सांगितलं.

मामांना कमी ऐकू येतं. म्हणून सगळं पुन्हा सांगावं लागलं, आणि मोठ्यानं. शेजारच्या अंगणातलं झाडणं थांबलं.

मामांनी कप खाली ठेवला. "मंग तवाच कावून न्हाई सांगितलंस?"

"मला हुशार म्हणवून घ्यायचं होतं," मी म्हणाले.

शोभा म्हणाली, "दूध ठेवलंय, उतू जाईल," आणि आत गेली. पदराला हात पुसत परत आली. मी किल्ली पुढं केली. तिनं घेतली, पण लगेच बसली नाही. आधी बोनेटखाली वाकली, टाकी पाहिली, टर्बोमागं मान घालून पाहिलं.

"खुणेवर हाय," म्हणाली. मामांसमोर, मोठ्यानं.

मग ती स्टिअरिंगवर बसली. मी डावीकडं बसले, माझ्या ब्रेकवर पाय ठेवला आणि तिला क्लच दाबायला सांगितलं.