मंगळीला आईकडे जायचं होतं

मंगळी रेशनच्या टेम्पोत पोत्यांमागे बसली होती. लॉकडाऊनमध्ये कामोठ्याहून आपट्याकडे जायचा पास आमच्या टेम्पोलाच होता.

"नाक्यावर विचारलं तर?" मी ड्रायव्हरचाचांना म्हटलं.

"बोलूंगा, डाल जरा भारी है."

मंगळी हसली आणि लगेच गाल धरला. सकाळीच नवऱ्याने मारलं होतं.

मी संस्थेत काम करते. मार खाणाऱ्या बायकांचा सेफ्टी प्लॅन ठरवते. म्हणजे घरातून कधी निघायचं, सोबत काय घ्यायचं, कुठे जायचं. संस्थेच्या मॅडमनी तिच्यासाठी शेल्टर ठरवलं होतं. अशा बायकांना ठेवून घेतात ते घर. पण टेम्पोत बसल्यावर ती म्हणाली, "तितं नाय जायाचं. आयेकडं सोड, ताई." लग्नानंतर नवऱ्याने तिला माहेरी, आपट्याजवळच्या कातकरीवाडीत, पाठवलंच नव्हतं.

मी मॅडमना फोन केला.

"वाडीवाल्यांनी घेतली नाही तर?" त्यांनी विचारलं.

तरी आम्ही गेलो.

कातकरीवाडीच्या वाटेवर बाभळीचे काटे टाकलेले. वाडीचा प्रमुख, म्हणजे नाईक, पलीकडून म्हणाला, "शेरातली हाय. पंधरा दिस भायेर."

"भायेर म्हंजी कुटं? रस्त्यावर?" मंगळी म्हणाली.

मला चारचौघांत बोलता येत नाही. एवढंच म्हटलं, "हिच्या आईला बोलवा."

आई ओल्या हातांनी आली. लेकीचा गाल पाहिला. काठीने काटे सारले, बाहेर आली, काटे परत लावले.

"आता मीबी भायेरची. आमी दोगी आंब्याच्या राखणीच्या खोपीत रातो."

"तुजी कोंबडी कोण बघंल?" नाईकाने विचारलं.

"तूच बघ. खाऊ नको मातर."

रेशन द्यायला गेले की दिसायच्या. खाली उतरायचं नाही असा नियम होता. आई लेकीच्या उवा काढायची. मंगळी डोळे मिटून बसलेली असायची. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. चाचांनी हॉर्न दिला की मी मान वळवायचे.

एक दिवस मंगळीचा नवरा खोपीवर आला. मंगळीची आई ओरडली. काटे तुडवून अख्खी वाडी बाहेर आली, पुढे नाईक. नवरा परत गेला. मग कोण आतलं, कोण बाहेरचं, काही राहिलंच नाही. नाईकाने दोघींना त्याच दिवशी वाडीत, आईच्या घरी नेलं.

आता सेफ्टी प्लॅन करताना कुठे जायचं ते मी आधी विचारते. बहुतेक जणी आईचं गाव सांगतात. काहींची आई कधीच गेलेली असते, तरी तेच सांगतात. मग दुसरं शोधावं लागतं.