टेपचं टोक

मांडवीत घरापुढे मी दुकानाचे दोन गाळे बांधले. नगरपरिषदेचा माणूस घरपट्टीसाठी मोजायला आला, तर समोरच्या वळणावर दिवा नाही म्हणून मी आधी त्यालाच झाडलं. ऐकता ऐकता कानावरची पेन्सिल सारखी करत त्याने टेप काढली. एकटाच होता, म्हणून टेपचं टोक त्याने माझ्या हाती दिलं. माप कमी भरावं म्हणून मी वीतभर टेप मुठीत दडवली.

माझी मूठ बघून तो हसला. "काका, टोक असं दडवलंत तर गाळा वीतभर वाढतो. वाढीव लिहू?"

मी मूठ सैल केली.

"सरळ धरा हो. वळणावरचा दिवा तुमच्या ह्या घरपट्टीतनंच यायचाय."

दुसऱ्या गाळ्यात मी टोक भिंतीला इतकं घट्ट टेकवलं, की शेवटी तोच म्हणाला, "झालं काका, सोडा आता!"