दोन लांब, एक आखूड

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा बायकोने एकच विचारलं, "तिकडं लढाई हाय का?" मी म्हणालो, "नाही." खोटं नव्हतं ते. आम्ही शांतिसेनेत चाललो होतो. निळी टोपी घालायची, पांढऱ्या गाडीत बसायचं आणि भांडणाऱ्या दोघांच्या मधे उभं राहायचं. देशाचं नाव सांगत नाही. समुद्र जवळ होता, ऑलिव्हची झाडं होती, एवढं पुरे.

मी हवालदार. गाव निमोणे, तालुका शिरूर. माझ्या सेक्शनमध्ये नाईक बिरू होता, वरवंडजवळच्या धनगरवस्तीचा, दौंड तालुका. मधे काय ती एक भीमा, त्यामुळे परदेशात आम्ही सख्खे भाऊच. मला तो दादा म्हणायचा.

पोस्ट टेकडीवर होती. आम्ही, स्पॅनिश, इटालियन आणि एक जर्मन इंजिनियर. कामापुरतं इंग्रजी सगळ्यांना यायचं, पण घाई झाली की माणूस आईच्या भाषेत ओरडतो. आणि या युरोपवाल्यांचे शब्द दिसायला सारखे, अर्थ भलताच. बुर्रो म्हणजे स्पॅनिशमध्ये गाढव आणि इटालियनमध्ये लोणी, आता बोला! इटालियन काल्दो म्हणजे गरम, जर्मन काल्ट म्हणजे गार. स्टोअरमधल्या एका डब्यावर जर्मनाने 'गिफ्ट' लिहिलं, तर आमचा कुक खूश. उंदराचं विष निघालं ते.

बिरूला याचं काही नवल वाटलं नाही. "दादा, मेंढरं समदी सारखीच दिसत्यात. कुणाची हायती त्ये खुनंवरून वळखायचं." धनगर मेंढराच्या पाठीवर रंग लावतात, तसे त्याने मेसच्या फळ्यावरच्या शब्दांना रंग लावले. लाल स्पॅनिशचा, हिरवा इटालियनचा, काळा जर्मनचा. मार्को नावाचा इटालियन शिपाई तर त्याच्या मागेच लागला. रोज नवा शब्द घेऊन यायचा आणि खूण करून घ्यायचा.

मग एका ड्रिलमध्ये हसणं बंद झालं. स्पॅनिश कॉर्पोरल ओरडला, "सालिर!" म्हणजे बाहेर पडा. इटालियनमध्ये सालिरे म्हणजे वर चढा. स्पॅनिश पोरं बाहेर बंकरकडे पळाली आणि इटालियन थेट छतावर. खरे गोळे पडत असते तर? कॅप्टनसाहेब लालबुंद झाले. बिरू म्हणाला, "साब, शब्द ही नहीं चाहिए."

त्याने शिट्टी शिकवली. दोन बोटं तोंडात घालून मारायची, धनगरी. दोन लांब म्हणजे आत या. एक आखूड म्हणजे सगळी आत आली, वाघर लावा. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. शिट्टी वाजवणारा दाराशी उभा राहून मोजतो आणि सगळ्यांत शेवटी आत येतो. हा नियम आमच्या ड्रिलमध्ये नव्हता. तो बिरूने घरून आणला होता.

त्या दिवशी दुपारची जेवणं चालली होती. पहिला गोळा खाली ऑलिव्हच्या बागेत पडला, दुसरा कंपाउंडमध्ये.

"ऑल स्टेशन्स, टेक कव्हर. टेक कव्हर."

"रॉजर."

त्यानंतर रेडिओ बंद पडला. धूळ इतकी की शेजारचा दिसेना. बिरू बंकरच्या तोंडाशी उभा होता. दोन लांब. दोन लांब. पोरं त्या आवाजावर चाचपडत येत होती.

मी आतून ओरडलो, "बिरू, आत ये!"

"एक कमी हाय, दादा. मार्को."

मी त्याचा पट्टा धरून ओढला. त्याने हिसडा दिला. दोन लांब. मार्को धुळीतून रांगत आला आणि माझ्या अंगावर कोसळला. बिरूने पुन्हा बोटं तोंडात घातली. आखूड शिट्टी तेवढी राहिली होती. त्याच वेळी गोळा भिंतीपाशी पडला.

त्याला आत ओढलं. तोवर तो गेला होता. मला राग आला. अजून येतो. कुणाचा, ते एवढ्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

दर वर्षी त्या तारखेला दुपारी मार्कोचा मला फोन येतो. त्याचं इंग्रजी तोडकं, माझं त्याहून. तो फक्त शिट्टी वाजवतो, दोन लांब. आखूड तो वाजवत नाही आणि मीही नाही. ती आपल्या हक्काची नाही, असं दोघांनाही वाटत असावं. तेवढं झालं की तो फोन ठेवतो. मग दिवसभर मला एका जागी बसवत नाही. रानात जातो, बांधावरूनच माघारी येतो, बायकोवर उगाच खेकसतो.

बिरूच्या बायकोला, सुमनला, पहिल्याच वर्षी हे सांगितलं होतं. ती म्हणाली, "त्येच्यापायी माझा मालक गेला. त्येचं नाव माझ्या दारात नगं." बरोबरच होतं तिचं. मी तो विषय सोडून दिला. पण यंदा डॉक्टरने माझ्या छातीत स्प्रिंग बसवली आणि एकच घोर लागला. मी गेल्यावर हा फोन उचलायचा कुणी?

त्या तारखेला सकाळीच वरवंड गाठलं. सुमन दारात मेंढ्यांच्या चाऱ्यासाठी उसाचं वाढं तोडत होती.

"आज हिकडं कसं, आबा?" तारीख तिला पाठ होती.

"दुपारी फोन येईल. तुला नको तर बोलू नकोस. मी नुसता इथं बसतो."

"बसा मग. च्या ठिवते."

फोन वाजला. मी स्पीकर लावून तो बाजेवर ठेवला. दोन लांब. कोपऱ्यातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या. सुमन चहाचं भांडं हातात धरून जागच्या जागी उभी राहिली.

"ही ह्यांची शिट्टी हाय."

"त्यानेच शिकवली."

"म्होरची कुठं हाय? आखूड?"

"ती वाजलीच नाही त्या दिवशी."

"आन् त्यो, फोनवरला? आत आलता का?"

"आला होता. सगळे आले होते."

तिने भांडं खाली ठेवलं. पदराला हात पुसले. दोन बोटं तोंडात घातली आणि एकच वाजवली, आखूड.

फोनवर मार्को मोठ्याने रडायला लागला. सुमनही रडत होती. म्हणाली, "सांगा त्येला, समदी आत आली म्हनून."

मला ते त्याच्या भाषेत येत नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. शिट्टी वाजवणारा सगळ्यांत शेवटी आत येतो. नाईक बिरू, राहणार वरवंड, तालुका दौंड, त्या दुपारी आत आला.